वाचक विचारतात : गाठीतल्या प्रतिकारपेशी

प्रश्न : भाचीला तिसऱ्या वर्षी न्यूरोब्लास्टोमा (लहान मुलांना होणारा, मज्जापेशींतून उगवणारा कर्करोग) निघाला. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘सीडी४५ निगेटिव्ह’ लिहिलंय. म्हणजे गाठीत प्रतिकारपेशीच नाहीत का? वेगळे पैसे भरून सीडी८ची तपासणी करून घ्यावी का?

उत्तर : तसा अर्थ नाही. न्यूरोब्लास्टोमा, लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कर्करोग), इविंग सार्कोमा (हाडांचा कर्करोग) या मुलांमधल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारख्या दिसतात : लहान, गोल, निळ्या पेशींची दाटी. त्या ओळखायला पॅथॉलॉजिस्ट मार्कर लावतात, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा रंगवून बघतात. सीडी४५ हा पांढऱ्या पेशींचा मार्कर. तो गाठीच्या पेशींवर सापडला नाही, म्हणजे हा लिम्फोमा नव्हे, एवढंच. त्याच स्लाइडवर अधूनमधून विखुरलेल्या लिम्फोसाइट पेशींना, म्हणजे प्रतिकारपेशींनाच, तो रंग चढलेला असतो. तपासणी नीट झाली याची खूण म्हणून पॅथॉलॉजिस्ट त्यांच्याकडे बघतात, पण रिपोर्टमध्ये त्या सहसा लिहीत नाहीत.

प्रतिकारपेशी मोजायच्या तर टी-पेशींसाठी (लिम्फोसाइटचा एक प्रकार) सीडी३, त्यांतल्या मारक पेशींसाठी सीडी८ आणि मॅक्रोफेजसाठी (मेलेल्या पेशी नि जंतू गिळणाऱ्या पेशी) सीडी६८ व सीडी१६३ लावतात. टी-पेशी भरपूर असलेल्या गाठींची वाटचाल एकंदरीत बरी असते. मॅक्रोफेजचं मात्र उलटं : पसरलेल्या आजारात, दीड वर्षाच्या पुढे निदान झालेल्या मुलांच्या गाठींत ते जास्त सापडतात, आणि त्यांचं जास्त असणं चांगलं लक्षण नाही. ‘प्रतिकारपेशी’ म्हटल्या की सगळ्या आपल्याच बाजूच्या, असं समजू नये. साधारण पाचातल्या एका न्यूरोब्लास्टोमात एन-मिक या, गाठीची वाढ रेटणाऱ्या जनुकाच्या प्रती बेसुमार वाढलेल्या असतात. अशा गाठींत टी-पेशी विशेष कमी असतात.

तरीही सीडी८साठी पैसे घालू नयेत, असं आमचं मत. उपचाराचा गट ठरतो तो वय, आजाराचा पसरावा, एन-मिक आणि गुणसूत्रांतले बदल यांवरून. सीडी८च्या आकड्यानं औषध बदलत नाही. शिवाय सुईनं काढलेला तुकडा दोऱ्याएवढा. गाठीच्या एका कोपऱ्यात टी-पेशींची गर्दी आणि दुसरीकडे शुकशुकाट, असं सर्रास असतं. केमोनंतर काढलेल्या गाठीत तर निम्मं चित्र मेलेल्या पेशींचं असू शकतं. तिचा आकडा आधीच्या तुकड्याशी ताडून पाहण्यात हशील नाही. त्यापेक्षा एन-मिकचा ‘फिश’ (जनुकाच्या प्रती मोजणारी चाचणी) रिपोर्ट आला का, ते विचारा. आणि बायोप्सीचा तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक जपून ठेवायला सांगा. दुसरं मत घेताना नुसता कागद पुरत नाही. ब्लॉक किंवा न रंगवलेल्या स्लाइड लागतात.

प्रश्न : टी-पेशीच कमी, तर इम्युनोथेरपी कशी चालते?

उत्तर : टी-पेशींचा ब्रेक काढणारी औषधं या गाठीत फारशी चालत नाहीतच. गाडीच नाही, तर ब्रेक काढून काय होणार? शिवाय टी-पेशींना ओळख पटावी म्हणून पेशी आपल्या पृष्ठभागावर जी खूण दाखवतात, ती न्यूरोब्लास्टोमा जवळपास दडवून ठेवतो.

जीडी२ या, गाठीच्या पेशींवरच्या रेणूला धरणाऱ्या अँटीबॉडीला त्या खुणेची गरज नसते. ती जीडी२ला चिकटते आणि तिच्या शेपटाला धरून नॅचरल किलर या दुसऱ्या प्रतिकारपेशी हल्ला करतात. जोखमीच्या आजारातल्या २२६ मुलांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. अँटीबॉडीसह उपचार घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी ६६ टक्के मुलं आजार न उलटता होती. ती न मिळालेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होतं. त्यातूनच डिन्युटुक्सिमॅब या अँटीबॉडीला २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. जीडी२ नसांवरही असतो, म्हणून अँटीबॉडीचं सलाइन चालू असताना मूल वेदनेनं कळवळतं. मॉर्फिन आधीपासून चालू ठेवावं लागतं.

प्रश्न : गुळवेलीचा काढा दिला, तर गाठीत पांढऱ्या पेशी वाढतील का?

उत्तर : नाही. टी-पेशी गाठीत शिरत नाहीत, ते अंगात ताकद नाही म्हणून नव्हे. मुंबईतल्या सहा जणांना गुळवेल घेतल्यानंतर यकृताची इजा झाल्याची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. केमोची बरीच औषधं यकृतातूनच जातात. काढा चालू असेल तर आजच बंद करा, आणि किती दिवस दिला ते डॉक्टरांना सांगा.