रविवारची पहाट आणि नवा खुबा

खुब्याच्या सांधेबदलानंतर "मी पूर्वीसारखा होईन का?" हा प्रश्न बहुतेक जण विचारतात, परंतु ज्यांचे आयुष्य चालण्याचढण्यात गेले आहे त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ थोडा निराळा असतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून एक अनुभव सांगते. पुण्यातील 58 वर्षांचे एक गृहस्थ शस्त्रक्रियेनंतर सहाव्या आठवड्यात पत्नीसह माझ्याकडे समुपदेशनासाठी आले. गेली 22 वर्षे ते दर रविवारी पहाटे आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढत होते.

तक्रार पत्नीची होती. "हे कुणाचं ऐकत नाहीत. वॉकर चार दिवसांत कोपऱ्यात गेला." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय." विचारपूस केल्यावर कळले, की पाचव्या आठवड्यात ते सोसायटीच्या आवारात एका दमात सहा किलोमीटर चालले होते. मग मांडी सुजली, दोन दिवस अंथरुणात गेले आणि तिसऱ्या दिवशी वाया गेलेला वेळ भरून काढायला ते पुन्हा तेवढेच चालले. टेनिसपटू अँडी मरेचे उदाहरण त्यांच्या जिभेवरच होते: जानेवारी 2019 मध्ये खुब्याची शस्त्रक्रिया आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँटवर्पच्या स्पर्धेचे विजेतेपद. मरे तेव्हा 31 वर्षांचा होता आणि त्याच्या मांडीच्या हाडाचे डोके काढून न टाकता त्यावर धातूची टोपी बसवली होती, हे मात्र त्यांच्या वाचनातून निसटले होते.

घरी जाताना मिळणाऱ्या सूचना बहुधा अंथरूण न सोडणाऱ्या रुग्णाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात, असे माझे मत आहे. "चाला, घाबरू नका" हे त्याला हवेच असते. परंतु ज्याला थांबवावे लागते, त्याच्यासाठी त्या कागदावर फारसे काही नसते. गड चढणाऱ्याला दुखणे सोसून पुढे जाण्याची सवय असते आणि तिचा त्याला अभिमानही असतो. नवा सांधा पहिल्या दिवसापासून भार पेलतो हे खरे. पण शस्त्रक्रियेत दुखावलेले स्नायू आणि सांध्याभोवतीचे आवरण भरून यायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि तिथे जिद्दीने वेळ वाचत नाही.

म्हणून आम्ही फिजिओथेरपिस्टशी बोलून एकच नियम ठरवला. आजचे चालणे योग्य होते की नाही, हे उद्याची सकाळ सांगेल. सकाळी दुखणे किंवा सूज आदल्या दिवसापेक्षा वाढली असेल तर चालणे कमी करायचे, नसेल तर थोडेच वाढवायचे, आणि बरे वाटते म्हणून त्याच दिवशी दुप्पट करायचे नाही. त्यांनी वही घातली. (पहिल्या आठवड्यातील नोंदी संशयास्पद वाटाव्यात इतक्या चांगल्या होत्या, मी तसे बोलूनही दाखवले.)

पत्नीची भीती वेगळी होती. ते वाकून बुटाची नाडी बांधू लागले, की त्यांचा सांधा निखळेल असे तिला वाटे. शेजारणीचे नियम ऐकून ही भीती वाढली होती. शस्त्रक्रियेत सर्जन सांध्यापर्यंत मागच्या बाजूने पोहोचले असतील तर काही आठवडे खुबा 90 अंशांपेक्षा जास्त न वाकवणे, पायावर पाय न टाकणे आणि पाऊल आत न वळवणे, असे सहसा सांगतात. पुढच्या बाजूने केलेल्या शस्त्रक्रियेत बंधने निराळी असतात. तेव्हा आपल्या बाबतीत काय वर्ज्य आणि कधीपर्यंत, हे सर्जनकडून लिहून घ्यायला मी सांगितले. तो कागद फ्रिजवर लागल्यावर घरातले निम्मे वाद मिटले. पोटरीला सूज, अचानक धाप, ताप किंवा जखमेतून स्राव असेल तर मात्र समुपदेशकाकडे न येता तडक डॉक्टरांकडे जायचे, हेही त्यावर लिहिले होते.

खरी गोष्ट तिसऱ्या भेटीत निघाली. रविवारी साडेचारला जाग येते, मग छताकडे पाहत पडून राहतो, ग्रुपवरचे फोटो बघवत नाहीत म्हणून तो म्यूट केला आहे, असे ते म्हणाले. धीर धरा, असे मी म्हटले नाही. नेमकी कशाची उणीव भासते, एवढेच विचारले. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "उतरताना दह्यासाठी थांबतो ना आम्ही, ते." चढाईला अवकाश होता, पण या मंडळींत बसायला नव्हता. नवव्या आठवड्यापासून ते मित्राच्या गाडीतून आतकरवाडीपर्यंत जाऊ लागले आणि मंडळी उतरेपर्यंत चहाच्या टपरीवर बसू लागले. पहिल्या रविवारी ते माझ्यावर चिडले होते. दुसऱ्या रविवारी पुन्हा गेले.

चौथ्या महिन्यात सर्जनच्या परवानगीने पर्वतीच्या 103 पायऱ्या झाल्या: काठी शस्त्रक्रियेच्या पायाच्या विरुद्ध हातात, चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा निरोप आला: "दुखणे कालइतकेच. तरी आज नाही, परवा."