सारांश झाला, परीक्षण राहिलं

पत्र: मी सोलापुरात एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. मॅडमनी एक इंग्रजी संशोधन लेख देऊन त्याचं दोन हजार शब्दांत चिकित्सक परीक्षण लिहायला सांगितलं. लेख कंपन्यांच्या एकात्मिक अहवालांवर, म्हणजे इंटिग्रेटेड रिपोर्टिंगवर आहे. पैशांच्या हिशेबासोबत माणसं, पर्यावरण, धोरण हे सगळं एकत्र मांडणारे हे अहवाल. शेअर बाजारात नोंदलेल्या १०० भारतीय कंपन्यांचे पाच वर्षांचे अहवाल घेऊन त्यांना गुण दिले आहेत. चांगला एकात्मिक अहवाल काढला की कंपनीचं बाजारमूल्य वाढतं, असा निष्कर्ष आहे. मी मन लावून लिहिलं, पण ‘हा सारांश आहे, परीक्षण कुठे आहे?’ असा शेरा मारून परत आलं. संख्याशास्त्र मला जमत नाही. एवढ्या शिकलेल्या लोकांच्या लेखात मी काय चुका काढणार? बाबा म्हणतात, त्यापेक्षा टॅली पक्कं कर, टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्सला लगेच लागशील. हे सगळं शिकून पुढे उपयोग आहे का?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर: मॅडमचा शेरा बरोबर आहे. फक्त पुढे काय करायचं ते त्यात नाही, म्हणून तू अडकलीस. चुका काढणं हे तुझं काम नव्हेच. तुझ्या लेखाचं म्हणणं एका ओळीत मावतं: अहवाल चांगला असल्यामुळे मूल्य वाढतं. यात तपासायच्या जागा तीन. ‘चांगला अहवाल’ कसा मोजला, ‘मूल्य’ कसं मोजलं, आणि मधल्या ‘मुळे’ला आधार काय. तुझे बहुतेक शब्द या तीन जागी खर्च व्हायला हवेत. पहिल्या खेपेला ते लेखाची प्रस्तावना मराठी वळणाच्या इंग्रजीत पुन्हा सांगण्यात गेले असणार.

वाचायचा क्रमही बदल. ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे सुरुवातीचा गोषवारा, वाचून झाला की थेट तक्त्यांकडे जा, मग मेथडॉलॉजी, म्हणजे अभ्यास कसा केला तो भाग, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. प्रस्तावनेत लेखक तुला पटवत असतो. ते आधी वाचलं की तक्तेही त्याच्याच चष्म्यातून दिसतात.

एक सावधगिरी. मोबाइलवर भाषांतर करून वाचत असशील तर तीन शब्दांपाशी थांब. ‘कॅपिटल’चं ‘राजधानी’ झालेलं चटकन लक्षात येतं. पण ‘मटेरिॲलिटी’चं ‘भौतिकता’ होतं, तेव्हा अख्खा परिच्छेद हातचा जातो. तिथे अर्थ असतो, कोणती बाब अहवालात घेण्याइतकी महत्त्वाची आहे ते ठरवणं. तिसरा शब्द ‘सिग्निफिकंट’. तक्त्याखाली तो आला की त्याचा अर्थ ‘महत्त्वाचा’ नव्हे. खरा संबंध नसता तर इतका मोठा आकडा निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता कमी होती, एवढंच तो सांगतो.

आता पहिली जागा. एकात्मिक अहवालाची आंतरराष्ट्रीय चौकट डिसेंबर २०१३मध्ये आली आणि जानेवारी २०२१मध्ये सुधारली. तिच्यात सहा भांडवलं आहेत: आर्थिक, उत्पादित, बौद्धिक, मानवी, सामाजिक व नातेसंबंधांचं, आणि नैसर्गिक. अहवालात काय असावं याचे आठ घटक आहेत. कंपनीची आणि तिच्या भोवतालच्या परिस्थितीची ओळख, कारभार, व्यवसायाचं प्रारूप, जोखीम व संधी, धोरण, कामगिरी, भविष्याचा अंदाज आणि अहवाल कसा तयार केला याचा आधार. बहुतेक अभ्यासक या आठांचे उपप्रश्न पाडतात, वार्षिक अहवाल उघडतात, ‘आहे’ला १, ‘नाही’ला ० देतात आणि बेरीज करतात. तुझ्या लेखातले गुणही असेच दिसतात.

या बेरजेत गडबडी कुठे होतात ते बघ. ‘पाणी हा आमच्यासाठी महत्त्वाचा स्रोत आहे’ असं गुळमुळीत वाक्य लिहिणाऱ्या कंपनीलाही १, आणि किती किलोलिटर पाणी कुठून उचललं, किती परत वापरलं आणि त्याने उत्पादनखर्चावर काय झालं हे सांगणाऱ्या कंपनीलाही १. उजनी धरणाच्या पाण्याच्या पाळीची वाट पाहणाऱ्या गावात या दोन विधानांतला फरक समजावून सांगायला नको. दुसरं, अहवाल जितका जाड तितके उपप्रश्न सापडण्याची शक्यता जास्त. पण त्याच चौकटीच्या सात मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ‘संक्षिप्तता’ आहे! म्हणजे चौकट पाळून आटोपशीर लिहिणाऱ्याला कमी गुण पडू शकतात. लेखकांनी अहवालाच्या लांबीचा हिशेब धरला आहे का, हे शोध. नसेल तर तुला हक्काचा मुद्दा मिळाला.

मुखपृष्ठावर ‘इंटिग्रेटेड रिपोर्ट’ छापलं की तो तसा होतो, असं धरलेले लेखही सापडतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाजारात ‘सोलापुरी’ लेबलाची प्रत्येक चादर सोलापूरची नसते. तिथे आपण लेबल सोडून वीण बघतो, इथेही तेच. माहितीचे धागे एकमेकांत विणले गेलेत का, म्हणजे धोरणाच्या पानावरची गोष्ट जोखमीच्या आणि पैशांच्या पानावर पुन्हा भेटते का, हा या प्रकारच्या अहवालाचा गाभा. तो ०-१च्या यादीत फारसा पकडता येत नाही.

गुण कोणी दिले हेही बघ. एकानेच दिले असतील तर तसं लिही. दोघांनी दिले असतील तर दोघांचं किती जुळलं याचा आकडा हवा, आणि तो नुसता टक्क्यांत पुरत नाही. समजा दोघांनीही डोळे झाकून दहापैकी नऊ ठिकाणी ‘आहे’ लिहिलं, तरी सुमारे ८२ टक्के आपोआप जुळतं (०.९ गुणिले ०.९ अधिक ०.१ गुणिले ०.१). म्हणून असं आपोआप जुळणं वजा करून मोजणारी मापं, कोहेनचा कप्पा किंवा क्रिपेनडॉर्फचा अल्फा, देतात. क्रिपेनडॉर्फच्या अल्फासाठी ०.८० ही रूढ अपेक्षा आहे. ०.६६७च्या खाली गेलं की त्या मोजणीवर निष्कर्ष उभे करू नयेत. क्रोनबॅकचा अल्फा दिला असेल तर तो वेगळा. प्रश्न आपसांत किती सुसंगत आहेत एवढंच तो सांगतो, दोन माणसांचं जुळलं की नाही हे सांगत नाही. छापलेल्या लेखांतही ही गल्लत सापडते.

दुसरी जागा, मूल्य. इथे बहुधा टोबिन्स क्यू वापरलेला असतो. शेअरचं बाजारमूल्य अधिक देणी, भागिले एकूण मालमत्ता, हे त्याचं सोपं रूप. सूत्रापेक्षा तारीख बघ. आपल्याकडे वर्ष ३१ मार्चला संपतं, वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि अहवाल तिच्या आधी किमान २१ दिवस भागधारकांकडे जातो. लेखकाने त्याच ३१ मार्चचा शेअरभाव घेतला असेल तर बाजाराने तेव्हा तो अहवाल पाहिलेलाच नाही. जो कागद अजून छापला गेला नाही, त्याने भाव वाढला कसा? हा मुद्दा मांडायला संख्याशास्त्र लागत नाही, कॅलेंडर लागतं.

तिसरी जागा सगळ्यात मोठी. भारतात हा अहवाल सक्तीचा नाही. सेबीने ६ फेब्रुवारी २०१७च्या परिपत्रकात शेअर बाजारात नोंदलेल्या आघाडीच्या ५०० कंपन्यांना तो २०१७-१८पासून ऐच्छिक ठेवला. मग कोण काढणार? ज्यांच्याकडे पैसा, माणसं आणि परदेशी गुंतवणूकदार आहेत त्या. त्यांचं मूल्य आधीच चढं असू शकतं. कारण आणि परिणाम उलटे असण्याची किंवा दोन्हीमागे तिसरंच काही असण्याची ही अडचण, हिलाच एंडोजेनिटी म्हणतात. लेखकाने तिला तोंड कसं दिलं ते शोध. कंपनीचा आकार, कर्ज, नफा, उद्योग आणि वर्ष हे कंट्रोल व्हेरिएबल, म्हणजे ज्यांचा परिणाम गणितात वेगळा काढतात ते घटक, तर हवेतच. त्याहून बरं म्हणजे फर्म फिक्स्ड इफेक्ट, ज्यात प्रत्येक कंपनीची तुलना तिच्याच दुसऱ्या वर्षांशी होते. तेही नसेल तर ‘संबंध आहे’ इतकंच म्हणता येतं, ‘वाढतं’ हे क्रियापद लेखकाने कमावलेलं नाही. निष्कर्षातलं ते क्रियापद उचलून तुझ्या परीक्षणात अवतरणात टाक.

म्हणूनच या विषयावरचे इतके अभ्यास दक्षिण आफ्रिकेवर आहेत. तिथे २०१०पासून जोहान्सबर्ग शेअर बाजाराने ‘पाळा किंवा का पाळत नाही ते सांगा’ असा नियम केला, त्यामुळे काढायचा की नाही हे कंपनीच्या मर्जीवर फारसं उरलं नाही. तिथल्या कंपन्यांवर बार्थ आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये केलेल्या अभ्यासात अहवालाच्या दर्जाचं माप बाहेरच्या परीक्षकांच्या गुणांकनातून घेतलं होतं. दर्जाचा संबंध शेअरच्या तरलतेशी (तो किती सहज विकता-घेता येतो त्याच्याशी) आणि भावी रोकड प्रवाहाच्या अपेक्षांशी दिसला, भांडवलाच्या खर्चाशी (गुंतवणूकदार जो परतावा मागतात त्याच्याशी) दिसला नाही. तुझ्या लेखाशेजारी हा ठेवून चार ओळींची तुलना कर. पण तिथला निष्कर्ष उचलून इथे चिकटवू नकोस, नियम वेगळे आहेत.

वर्षांमध्येही एक खोच आहे. २०२२-२३पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे सेबीने ठरवलेला व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल, सक्तीचा झाला. ते वर्ष नमुन्यात असेल तर पर्यावरण आणि कामगारांविषयीचे गुण सक्तीमुळे वाढले असतील, त्याचं श्रेय एकात्मिक अहवालाला देता येत नाही. तसंच, लेख २०२३ नंतरचा असून आयआयआरसीला, म्हणजे ही चौकट काढणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेला, स्वतंत्र संस्था म्हणत असेल तर टीप कर. जून २०२१मध्ये ती आणि एसएएसबी ही शाश्वतता अहवालांची मानकं ठरवणारी संस्था एकत्र येऊन व्हॅल्यू रिपोर्टिंग फाउंडेशन झालं, आणि ऑगस्ट २०२२मध्ये ते आयएफआरएस फाउंडेशन या लेखामानकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत विलीन झालं.

आकड्यांची भीती वाटते म्हणतेस, तर दोनच गोष्टी बघ. १०० कंपन्या गुणिले ५ वर्षं म्हणजे ५०० ओळी, पण ५०० स्वतंत्र कंपन्या नव्हेत. एकाच कंपनीचे पाच अहवाल एकमेकांसारखेच असतात. म्हणून स्टँडर्ड एरर, म्हणजे आकड्यातल्या अनिश्चिततेचं माप, काढताना एका कंपनीच्या ओळी एकत्र धरल्या आहेत का (कंपनीनिहाय ‘क्लस्टर’) ते तक्त्याखालच्या बारीक अक्षरांत शोध. नसतील तर ‘सिग्निफिकंट’ म्हणून तारे दिलेले आकडे जरुरीपेक्षा जास्त चमकतात. आणि परिणाम किती मोठा? समजा गुणांक (कोइफिशंट, म्हणजे अहवालाचा एक गुण वाढला की क्यू किती वाढतो) ०.०५ आहे, गुण ८ पैकी आहेत आणि क्यूची सरासरी २ आहे. एक गुण वाढला तर मूल्य अडीच टक्के. तीन तारे असले तरी अडीच टक्केच. हे गणित तू टॅलीशिवायही करू शकतेस.

सिद्धांताची बाजू थोडक्यात घे, पण वगळू नकोस. जॉन फ्लॉवर यांनी २०१५मध्ये या चौकटीवरच हरकत घेतली. तिच्यात ‘मूल्य’ म्हणजे गुंतवणूकदाराचं मूल्य झालं, आणि बाहेरच्यांना झालेली हानी कंपनीवर उलटत नसेल तर ती सांगण्याचं बंधन राहिलं नाही. कॅरल ॲडम्स यांनी त्याच नियतकालिकात त्यांना उत्तर दिलं. रंगाईचं पाणी ओढ्यात जातं आणि कारखान्याच्या नफ्याला धक्का लागत नाही, तेव्हा ते अहवालात यावं का? तुझ्या लेखकाने हा प्रश्न उपस्थित तरी केला आहे का ते सांग.

शब्दांची वाटणी साधारण अशी ठेव: लेखाची ओळख ३००, त्याहून एकही जास्त नाही, सिद्धांत २५०, मोजमाप ५५०, कार्यकारण ५००, आकडे २००, लेखाचं योगदान आणि तुझी स्वतःची पडताळणी २००. योगदान प्रामाणिकपणे लिही. पाच वर्षांचे अहवाल हाताने वाचणं हे कष्टाचं काम आहे, नुसती टीका केलीस तर परीक्षण एकांगी होईल.

पडताळणी म्हणजे काय ते सांगतो. तीन अहवाल उतरवून घे, कंपन्यांच्या आणि शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर ते फुकट मिळतात. बालाजी अमाइन्स आणि प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या दोन सोलापूरच्याच नोंदणीकृत कंपन्या, तिसरी एनटीपीसी, जिचं १३२० मेगावॉटचं केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे. लेखातलीच यादी वापरून तू गुण दे, एका मैत्रिणीला न दाखवता वेगळे द्यायला सांग, आणि कुठे जुळलं नाही ते बघ. जिथे तुमचा वाद होईल, तिथेच लेखाचं मोजमाप कच्चं आहे. याचं एक पान परिशिष्ट म्हणून जोड. साखर कारखाना घेऊ नकोस. सहकारी कारखाने शेअर बाजारात नोंदलेले नसतात, सेबीचे हे नियम त्यांना लागू नाहीत आणि टोबिन्स क्यू काढायला शेअरभावच नाही.

आता बाबांचं म्हणणं. ते चुकीचं नाही, टॅली पक्कं करच. पण बीआरएसआरचं काम प्रत्यक्षात काय असतं ते त्यांना सांग. विजेच्या बिलातून युनिट काढायची, टँकरच्या पावत्यांतून किलोलिटर, भंगाराच्या वजनपावत्यांतून टन, हजेरीपटातून कामाचे तास आणि अपघात. मग ते उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागे किती पडतात ते मांडायचं, आणि तपासनीस आला की प्रत्येक आकड्याची पावती दाखवायची. व्हाउचर नीट लावणाऱ्या माणसाचंच हे काम आहे. अशी माणसं नोंदणीकृत कंपन्यांच्या सेक्रेटरिअल आणि सस्टेनेबिलिटी विभागांत, सीए फर्ममध्ये आणि पुण्या-मुंबईच्या सल्लागार कंपन्यांमध्ये लागतात. मोठे खरेदीदार पुरवठादारांकडेही अशा प्रश्नावल्या पाठवतात. टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्यात त्या भरायच्या कोणी, हा प्रश्न असतोच.

नुसत्या एम.कॉम.वर वरची पायरी अवघड आहे, हेही खरं. सीए, सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) किंवा सीएस (कंपनी सेक्रेटरी) यांपैकी एकाचा पहिला टप्पा तरी हाती घे. आठवड्या-दोन आठवड्यांच्या महागड्या ईएसजी (पर्यावरण, समाज, कारभार) प्रमाणपत्रांवर पैसे घालू नकोस. सेबीने बीआरएसआरचा नमुना आणि तो भरायच्या सूचना फुकट दिल्या आहेत, त्यातली नऊ तत्त्वं आधी वाच. बाबांच्या ओळखीच्या एखाद्या कारखान्याची एका वर्षाची वीजबिलं मिळाली, तर नमुन्यातला ऊर्जेचा तक्ता स्वतः भरून बघ. मुलाखतीला जाताना तो आणि हे परीक्षण, दोन्ही बरोबर ने.