स्टीव्ही रे वॉनचा 'टेक्सास फ्लड' हा अल्बम म्हणजे जुन्या गिटारवादक अल्बर्ट किंगची नक्कलच ना? मग एवढा का गाजला? ब्लूज हे अमेरिकन संगीत ऐकायला सुरुवात यापासून करावी का?

प्रश्नात 'नक्कल' हा शब्द नसता तर मी पुढे सरकलो असतो. पण हाच शब्द मला १९९७ साली भर स्टेजवर ऐकवला गेलाय, त्यामुळे आता बसा.

पुण्यात आंतरमहाविद्यालयीन बँड स्पर्धा होती. आम्ही तिघं. गिटारवर मी, बेसवर मावसभाऊ आणि ड्रम्सवर एरवी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवणारा एक मुलगा. कुणाकडून तरी मागून आणलेली 'टेक्सास फ्लड'ची कॅसेट घासून घासून आम्ही त्यातलं 'प्राइड अँड जॉय' हे गाणं बसवत होतो. सूरच जुळेना. गिटार पट्टीला लावलेली, तरी कॅसेट अर्धा सूर खाली. टेपचा बेल्ट सैल झालाय असं ठरवून तो बदलून आणला, तरी तेच. दोन आठवड्यांनी ट्यूब पेटली की स्टीव्ही रे वॉन सगळ्या तारा मुळातच अर्धा सूर उतरवून वाजवतो.

मग उजव्या हाताचं कोडं. ऐकताना दोन गिटार आहेत असं वाटतं, पण आहे एकच. जाड तारांवर बेसची चाल चालू असते आणि दोन ठोक्यांच्या मधे हात वर येताना बारीक तारांवर फटका बसतो. डाव्या हाताची बोटं त्या तारा अर्धवट दाबून धरतात, म्हणून सूर न येता 'चक' असा आवाज येतो. ऑक्टोपॅडवाल्याला हा ठेका, म्हणजे शफल, समजवायला मी तासभर घालवला. शेवटी तोच म्हणाला, "म्हणजे तिनातली मधली मात्रा गाळायची, एवढंच ना?" हो, एवढंच. पण हे हातात यायला मला तीन महिने लागले.

स्पर्धेत पहिल्याच कडव्याला मागून "हिंदी! हिंदी!" सुरू झालं. ते एक वेळ चालतं. नंतर परीक्षक माइकवर आले. नावाजलेले गिटारवादक, नाव घेत नाही. म्हणाले, "हा माणूस अल्बर्ट किंगची नक्कल करतो आणि तुम्ही त्याची. नकलेची नक्कल. मूळ ऐका." हॉल हसला. मावसभाऊपण हसला, ते मी अजून विसरलेलो नाही.

आता त्या परीक्षकांना जे तेव्हा सुचलं नाही ते.

अल्बर्ट किंग डावखुरा. उजव्या हाताची गिटार तो तशीच उलटी धरायचा, तारांचा क्रम न बदलता. जाड तारा खाली, बारीक वर. त्यामुळे तो तार खाली ओढून सूर चढवायचा, अख्ख्या हाताच्या वजनाने. वॉन उजवा. तोच सूर काढायला त्याला तार वर ढकलावी लागते, तीही तेराच्या सेटची (सर्वांत बारीक तार ०.०१३ इंचाची, म्हणजे नेहमीपेक्षा बरीच जाड). बोटांची सालं निघायची तर सुपरग्लू लावून वाजवायचा. जी गोष्ट त्या पद्धतीने करताच येत नाही, ती दुसऱ्या वाटेने करून दाखवली, याला नक्कल म्हणायचं? आपल्याकडे शिष्याच्या गळ्यात गुरूची जागा ऐकू आली की माना डोलतात. गिटार हातात असली की तीच चोरी होते.

आणि १९८३च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे अल्बम आल्यावर सहा महिन्यांनी, कॅनडात हॅमिल्टनच्या टीव्ही स्टुडिओत खुद्द अल्बर्ट किंग वॉनसोबत वाजवत होता. त्यात 'प्राइड अँड जॉय'सुद्धा आहे. ज्याचा माल चोरला म्हणता, त्याची तक्रार नव्हती. ते रेकॉर्डिंग बाजारात आलं १९९९ला. माझं उत्तर दोन वर्षं उशिरा आलं.

गाजला का, हे राहिलंच. जुलै १९८२ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो संगीत महोत्सवात प्रेक्षकांतल्या काहींनी वॉनची हुर्यो केली होती. तेव्हा अल्बमच नव्हता. पण त्या दौऱ्यात डेव्हिड बोवी आणि जॅक्सन ब्राऊन या बड्या गायकांनी त्याला ऐकलं. बोवीने आपल्या 'लेट्स डान्स' अल्बमवर वाजवायला घेतला, ब्राऊनने लॉस एंजेलिसचा आपला स्टुडिओ फुकट वापरायला दिला. तिथे आधीच वापरून झालेल्या टेपवर तीन दिवसांत जे झालं तोच हा अल्बम. बॉब डिलनला पुढे आणणाऱ्या जॉन हॅमंडने तो एपिक कंपनीपर्यंत पोचवला. जून १९८३मध्ये बाहेर आला तेव्हा सगळीकडे सिंथेसायझर बोकाळलेले. त्यात वॉनच्या बँडमधल्या तिघांनी समोरासमोर उभं राहून वाजवलेलं हे संगीत थेट अंगावर आलं. बिलबोर्डवर ३८व्या क्रमांकापर्यंत गेला, ग्रॅमीची दोन नामांकनं मिळाली (बक्षीस एकही नाही), आणि 'गिटार प्लेअर' मासिकाच्या वाचकांनी वॉनला एका वर्षात तीन विभागांत निवडलं. दहापैकी सहा गाणी त्याची स्वतःची किंवा सहलेखनातली. नक्कल करणाऱ्याच्या मानाने बरीच झाली.

आता थोडं परीक्षकांच्या बाजूने, नाहीतर अन्याय होईल. शीर्षकगीत त्याचं नाही, लॅरी डेव्हिसचं, १९५८चं. गायक म्हणून वॉन बेताचा. अल्बममधलं 'मेरी हॅड अ लिटल लॅम्ब' ब्लूज गिटारवादक बडी गायकडूनच ऐकावं. आणि आम्ही त्या दिवशी खरंच वाईट वाजवलं होतं. तेराचा इलेक्ट्रिक सेट मिळेना म्हणून मी अकूस्टिकच्या तारा चढवल्या होत्या. चौथ्या दिवशी गिटारची मान (नेक) धनुष्यासारखी वाकली, बाराव्या फ्रेटला (पडद्याला) तार बोटभर वर. त्यावर तार ढकलून बेंड कसले मारता.

परीक्षक काही वर्षांपूर्वी एका लग्नात भेटले. पंगतीत शेजारी बसून मी हॅमिल्टनची सगळी कथा ऐकवली. त्यांना स्पर्धाच आठवत नव्हती. जिलबी वाढून घेत म्हणाले, "तुम्ही कीबोर्डवर होतात ना?"

तर, हो, यापासूनच सुरुवात करा. आधी 'लेनी' ऐका. अल्बममधली सर्वांत चांगली चीज तीच आहे, शेवटी ठेवलीय म्हणून लोक तिथवर पोचत नाहीत. नंतर अल्बर्ट किंगचा १९६७चा 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' घ्या आणि कोणी कोणाचं किती उचललं ते स्वतःच्या कानाने ठरवा. वाजवणार असाल तर अर्धा सूर उतरवा, पण तारा दहाच्याच लावा. माझी ती गिटार अजून माळ्यावर आहे, वाकलेली.