चाळीत फोटो काढायला जाण्याआधी

चाळीतल्या कुटुंबांचे फोटो फुकट काढून द्यायला निघालायस, तर लेन्सचं नंतर बघू, आधी वेळ ठरव. रविवारी सकाळी पाणी भरणं, मग मटणाची गडबड. चारनंतर सगळं घर एकत्र सापडतं आणि ऊनही नरम असतं. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं कोंबू नकोस. वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सने कडेचे चेहरे फताडे येतात. गॅलरीत आण, ३५ किंवा ५० एमएमची लेन्स लाव. आतच काढायचा तर दिवसा खिडकीशी बसव आणि ट्यूबलाइट बंद कर, नाहीतर अर्धा चेहरा हिरवट दिसतो.

एखादी आजी हमखास म्हणेल, "माझा एकटीचा काढ रे, हार घालायला लागेल." घरचे ओरडतील. तू काढच, पदर सावरू दे, चष्म्यात चमक आली तर हनुवटी जरा खाली घ्यायला सांग.

प्रिंट हातातच द्यायची. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आकसतो. ४ बाय ६ इंचाला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, १२०० बाय १८०० पिक्सेल हवेत. न विचारता इन्स्टावर टाकलास तर पुढच्या वेळी माझ्याबरोबर येऊ नकोस.

"फुकट का?" हे विचारतीलच. निवडणुकीच्या आसपास तर जाऊच नकोस, कोणाचा माणूस हेच आधी विचारतात.