‘वेल्डिंगच का रे घेतलंस?’

आयटीआयचे प्रवेश आटोपले की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक तक्रार ठरलेली असते : गुण कमी पडले म्हणून वेल्डर ट्रेडला, म्हणजे वेल्डिंगच्या अभ्यासक्रमाला, जावे लागले, आता आयुष्य वाया गेले. कधी ती मुलगा मांडतो, बहुतेक वेळा त्याचे आईवडील.

पिंपरी-चिंचवड परिसरातला असाच एक विद्यार्थी, त्याला आपण सुहास म्हणू, दिवाळीनंतर संस्थेत जाणे बंद करून घरी बसला होता. नात्यातल्या एका लग्नात कोणीतरी त्याला सर्वांदेखत ‘वेल्डिंगच का रे घेतलंस?’ असे विचारले होते आणि त्याच सुमारास निदेशकांनी, म्हणजे शिकवणाऱ्या सरांनी, त्याचा जॉब (सरावासाठी केलेले काम) नापास करून बाजूला टाकला होता. पहिल्या काही भेटींत तो एवढेच म्हणत राहिला, “मॅडम, मी बेकार आहे.” अशा मुलाला ‘तू हुशार आहेस’ असे सांगून काही साधत नाही, कारण त्याच्याजवळ उलट पुरावा तयार असतो. मी त्याला तो पुरावाच घेऊन यायला सांगितले.

लोखंडाच्या दोन पट्ट्या काटकोनात जोडलेल्या होत्या. सांध्याभोवती स्पॅटरचे, म्हणजे उडालेल्या वितळलेल्या धातूचे, दाणे तसेच चिकटलेले होते आणि बीड, म्हणजे जोडाची रेघ, एका टोकाला जाड, तर दुसऱ्या टोकाला बारीक झाला होता.

“यात काय बिघडले?”

“इथे आर्क, म्हणजे विजेची ठिणगी, लांब धरला, म्हणून स्पॅटर उडाला. कडेची ही चर म्हणजे अंडरकट. करंट जास्त होता. शेवटी हात घाईने पुढे गेला.”

“मग पुढच्या वेळी?”

“करंट उतरवायचा, आर्क आखूड धरायचा, हात एका चालीने न्यायचा.”

“पट्टीबद्दल बोलताना तू कारण सांगतोस, उपायही सांगतोस. स्वतःबद्दल मात्र एकच शब्द वापरतोस.”

तो बराच वेळ त्या चरीवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, “सरांनी जॉब टाकला होता, मॅडम. मला नव्हते टाकले.”

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी निष्ठा आहे ती याच कारणासाठी. कृतीचे मूल्यमापन अवश्य करावे, अगदी कठोरपणे करावे. पण त्यावरून माणसाची किंमत ठरवू नये, हा तिचा गाभा सुहासला माझ्या तोंडून ऐकावा लागला नाही. त्याच्याच हातच्या जॉबने त्याला तो शिकवला, आणि असे शिकलेले टिकते, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

त्याच्या वडिलांचे प्रश्न वेगळे आणि रास्त होते : डोळे जातील का, आणि पुढे काय? आर्कच्या अतिनील किरणांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे चुरचुरते आणि ते बहुधा काही तासांनी, रात्री जाणवते. म्हणून योग्य काचेचे हेल्मेट, चामडी हातमोजे आणि धूर बाहेर जाईल अशी जागा यांबाबत टाका मारण्यापुरतीसुद्धा सवलत घेऊ नये. वेल्डर हा आठवी उत्तीर्णांनाही खुला असलेला एक वर्षाचा ट्रेड आहे आणि तो पूर्ण केल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतन घेत कारखान्यात शिकता येते. सपाट पट्टीवरून उभ्या आणि डोक्यावरच्या सांध्याकडे, तिथून टिग या अधिक नाजूक पद्धतीच्या वेल्डिंगकडे आणि 45 अंशांत पक्क्या बसवलेल्या पाइपच्या, 6जी नावाच्या अवघड चाचणीपर्यंत जाणाऱ्या मुलाला कौशल्याच्या पायऱ्या भरपूर आहेत. उष्णता, धूर आणि तासन्‌तास वाकून करायचे काम हेही त्यात आहे, आणि ते मी पालकांपासून लपवत नाही. मनापासून प्रयत्न करूनही ज्याला हे काम आवडत नाही, त्याने ट्रेड बदलावा. मात्र लग्नात कोणी काय विचारले, यावरून तो निर्णय घेऊ नये.

वडिलांना मी एकच सवय लावून घ्यायला सांगितली : संध्याकाळी ‘जमतंय का?’ असे विचारण्याऐवजी ‘आज कोणता सांधा केलास, काय चुकले?’ असे विचारावे. सुहास पुन्हा संस्थेत जाऊ लागला आहे. सध्या त्याचा उभा सांधा बिघडतो, आणि का बिघडतो हे तो वडिलांना नेमके सांगू शकतो.