ड्रमरची जागा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडलो. मनगट मोडलेला तुमचा ड्रमर बरा होईपर्यंत थांबलो तर स्पर्धा हातची जाईल, म्हणून दुसरा ड्रमर बघावा, असे गटातल्या बाकीच्या दोघांचे म्हणणे आहे म्हणतोस. तुझे म्हणणे मात्र तू लिहिलेले नाहीस. ज्याचे मनगट मोडले आहे त्याला तर कोणी विचारलेलेही दिसत नाही.

ज्या स्लेड या ब्रिटिश रॉक गटाची गाणी तुम्ही बसवता आहात, त्यांचेच उदाहरण घे. इंग्लंडमधील वूल्व्हरहॅम्प्टनच्या परिसरातील ही चार मुले १९६६ पासून एकत्र वाजवत होती. १९७३ च्या जूनअखेरीस 'स्क्वीझ मी, प्लीझ मी' हे त्यांचे गाणे आले आणि ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेले. ते तिथेच असताना ४ जुलैला ड्रमर डॉन पॉवेलच्या मोटारीला अपघात झाला. बरोबरची मैत्रीण गेली. तो कित्येक दिवस बेशुद्ध होता आणि शुद्धीवर आला तेव्हा वास आणि चव दोन्ही गमावून बसला होता, शिवाय नुकतेच घडलेले काही त्याच्या लक्षात राहत नव्हते. त्या वर्षी स्लेडला हवा तो ड्रमर मिळाला असता. त्यांनी आइल ऑफ मॅनचे ठरलेले कार्यक्रम निभावण्यापुरते बेसवादक जिम लीच्या भावाला, फ्रँकला बसवले आणि जागा डॉनचीच ठेवली. यातला 'पुरते' हा शब्द नीट वाच.

उन्हाळा सरता सरता हेच चौघे न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लँट स्टुडिओत चक्क नाताळचे गाणे ध्वनिमुद्रित करत होते. डॉन काठी टेकत चालायचा. गाण्याची सुरुवातच त्याला आठवत नसे. कोणीतरी ती गुणगुणून दाखवावी, की पुढचे त्याच्या हातांना ठाऊक असायचे. 'मेरी ख्रिसमस एव्हरीबडी' डिसेंबरात पहिल्या क्रमांकावर गेले आणि ब्रिटनमध्ये दर नाताळला ते अजून वाजते.

गिटारवाल्याच्या चकचकीत जाकिटांची तुला लाज वाटते, हे वाचून मात्र हसू आले. स्लेडचा गिटारवादक डेव्ह हिल याच्या पोशाखांनी जिम लीदेखील वैतागायचा. त्यावर 'तू गाणी लिही, मी ती विकतो' अशा अर्थाचे उत्तर हिलने दिल्याचे सांगतात. भांडा, पण चौघे राहा. पुढे त्यांचे दिवस फिरले, अमेरिकेत जम बसला नाही, परत आले तो पंक या नव्या, आक्रमक रॉकची लाट आलेली, आणि हिलने तर गट जवळजवळ सोडलाच होता. १९८० मध्ये गायक ऑझी ऑस्बॉर्नच्या ऐनवेळच्या गैरहजेरीमुळे इंग्लंडमधील रीडिंग संगीत महोत्सवात उभे राहायची संधी मिळाली, तेव्हा तेच चौघे उभे राहिले आणि त्यांनी मैदान जिंकले. १९९२ मध्ये गायक नॉडी होल्डर बाहेर पडेपर्यंत माणसे तीच होती. कोणाची जागा रिकामी झाली तर ती राखायची असते, भरायची नसते. हे तुला किती वेळा सांगू?

आता माझे. आमच्या ड्रमरला कावीळ झाली तेव्हा आम्ही तीन आठवड्यांत दुसरा घेतला. पुढे सात कार्यक्रम ठरलेले होते, घेतलेली आगाऊ रक्कम खर्च झालेली होती आणि नवा मुलगा खरोखरच अधिक तयारीचा होता, हे मी आजही सांगेन. दीड वर्षात गट मोडला. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असे मी बरीच वर्षे सांगत आलो. पण गाताना श्वास घ्यायला मी किंचित थांबलो, की जुना आपोआप रेंगाळायचा. नवा अचूक लयीत पुढे निघून जायचा. चूक त्याची नव्हती. आमच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, असे वाटते. निदान कोणी शोधला नाही.

रविवारी तालीम आहे ना? त्याला बोलाव. डावे मनगट मोडले आहे. उजवा हात आणि दोन्ही पाय शाबूत आहेत. पायाने वाजणारा बेस ड्रम आणि हाय-हॅटच्या झांजा त्याला सांभाळू दे आणि स्नेअर या छोट्या ड्रमपुरता एखादा मित्र शेजारी खुर्ची टाकून बसव. स्टुलावर मात्र तोच.

तुझा,
काका