रिपोर्टमध्ये 'गोइंग कन्सर्न'बद्दल शंका लिहिलीय, तरी बडोद्यातली ऑफर घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत लिस्टेड असलेल्या एका ड्रग डेव्हलपमेंट कंपनीच्या अलकापुरीतल्या ऑफिसातून क्लिनिकल डेटाच्या नोकरीची ऑफर आलीय, पगार बराच जास्त आहे, पण त्यांच्या वार्षिक रिपोर्टमध्ये 'सबस्टॅन्शियल डाऊट', म्हणजे कंपनी पुढे चालू राहील का ('गोइंग कन्सर्न') याचीच मोठी शंका, असं वाचून पोटात गोळा आला. मी इथल्याच मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका टेस्टिंग लॅबचं अकाउंट्स बघते, असल्या कंपन्या आमच्या क्लायंट असतात, त्यामुळे त्यांचा पैसा आटायला लागला की ते आम्हाला बिलांवरून दिसतं.

त्या एका वाक्याला घाबरून नाही म्हणू नका. तिकडचा नियम असा आहे की रिपोर्ट निघाल्यापासून पुढचं वर्षभर कंपनी देणी भागवू शकेल का हे मॅनेजमेंटने तपासायचं, आणि 'पुढे शेअर विकून पैसे उभे करू' हे त्यात सहसा धरता येत नाही, कारण ते बाजाराच्या हातात. ज्यांचं एकही औषध विक्रीला नाही त्यांच्याकडे वर्षभराची कॅश नसेल तर ते वाक्य येणारच, छोट्या बायोटेकमध्ये सर्रास दिसतं.

बघायच्या आहेत दोन तारखा, कॅश कधी संपते आणि ट्रायलचा रिझल्ट कधी येतो. रिझल्ट आधी असेल आणि चांगला आला तर शेअर उसळतो आणि कंपनी लगेच नवे शेअर विकून मोकळी होते. कॅश आधी संपत असेल तर मात्र पडलेल्या भावाला शेअर विकायचे, वर वॉरंट (ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क) द्यायचे, त्याने भाव अजून पडतो, आणि सलग 30 ट्रेडिंग दिवस एक डॉलरच्या खाली राहिला की नॅसडॅक या तिकडच्या शेअर बाजाराची, लिस्टिंग जाऊ शकतं अशी नोटीस येते. हिशोब सोपा आहे, कॅश अधिक शॉर्ट टर्म गुंतवणूक भागिले दर तिमाहीचा ऑपरेटिंग कॅश खर्च, येईल तेवढ्या तिमाही पैसा पुरेल. फक्त तिमाही रिपोर्टमधला कॅश फ्लो वर्षाच्या सुरुवातीपासूनचा असतो, म्हणजे तिसऱ्या तिमाहीत नऊ महिन्यांचा आकडा दिसतो, तो तीन महिन्यांचा धरू नका. आणि कर्ज असेल तर मिनिमम कॅशची अट वाचा, तेवढे पैसे दिसतात पण वापरता येत नाहीत. पार्टनरशिपच्या बातमीतल्या मोठ्या आकड्यावर तर जाऊच नका, त्यातलं बहुतेक माइलस्टोन गाठले तरच मिळतं.

औषध मंजूर झालं म्हणजे सुटलो असंही नाही. ब्लूबर्ड बायो या अमेरिकन कंपनीच्या तीन जीन थेरपी 2022 आणि 2023 मध्ये एफडीएने (तिकडच्या औषध नियामकाने) मंजूर केल्या, त्यातल्या लिफजेनियाची किंमत 31 लाख डॉलर, तरी कॅश पुरेना, 2024 च्या शेवटी 20 शेअरचा एक करावा लागला आणि 2025 मध्ये कंपनी खाजगी गुंतवणूकदारांना विकली गेली. आपल्या बडोद्यातली औषध संशोधन कंपनी स्पार्क, जी 2007 मध्ये सन फार्मातून वेगळी काढली, तिची गोष्ट वेगळी, तिच्यामागे प्रमोटर उभे आहेत. तुमच्या कंपनीमागे कोण आहे ते शोधा.

आता आमच्याकडचं सांगते. एका क्लायंटच्या दोन प्रॉडक्टचे सॅम्पल आमच्या स्टॅबिलिटी चेंबरमध्ये (औषध किती टिकतं ते बघायला ठरलेल्या तापमानाला ठेवतात तिथे) होते, प्रत्येकाचा एक सेट 25 डिग्री 60 टक्के आर्द्रतेला, दुसरा 40 डिग्री 75 टक्क्यांना. आधी पेमेंट 30 दिवसांवरून 60 वर गेलं, मग वर्षाचा पीओ (कामाची ऑर्डर) तीन-तीन महिन्यांचा यायला लागला, मग एक दिवस मेल की दुसऱ्या प्रॉडक्टचे 9 महिन्यांचे सॅम्पल काढा पण टेस्टिंग होल्डवर ठेवा. आमची अ‍ॅनालिस्ट ट्रे हातात घेऊन मला विचारते, ताई, याचं बिल करायचं का? काढल्याचं करायचं, टेस्टचं नाही! कंपनीने 'पाइपलाइन प्रायॉरिटायझेशन' असं गोंडस नाव देऊन ते प्रॉडक्ट बाजूला ठेवल्याचं जाहीर केलं त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. म्हणून तुमच्या ओळखीत त्यांचा कोणी व्हेंडर असेल, सीआरओ (ट्रायलचं काम कंत्राटावर करणारी कंपनी) असो की ट्रॅव्हलवाला, तर पेमेंट कसं येतंय ते त्याला विचारा, एचआर हे सांगणार नाही.

अजून एक, जे कोणी बघत नाही. ऑफर लेटर बहुतेक इथल्या प्रायव्हेट लिमिटेडच्या नावाने असेल. अशी कंपनी सहसा मूळ कंपनीकडून खर्च अधिक थोडं मार्जिन घेऊन चालते, तिच्या स्वतःच्या खात्यात थोड्याच दिवसांचा पगार असतो, तिकडून पैसे थांबले की इथे लगेच चटका बसतो. एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या) साइटवर तिचा ताळेबंद मिळतो, त्यात मूळ कंपनीकडून येणं किती थकलंय ते बघा. तिथे आधीपासून असलेल्या कोणाला पीएफचं पासबुक उघडायला सांगा, दर महिन्याचा भरणा वेळेवर दिसतोय ना. शेअर मिळणार असतील तर त्यांची किंमत शून्य धरून पगाराची तुलना करा.

घराचा हप्ता एकट्या तुमच्या पगारावर असेल आणि कॅश रिझल्टच्या आधी संपत असेल तर मी नाही जाणार. दोघं कमावते असाल तर वर्षभराचा अनुभव म्हणून चालेल, फक्त नोटीस पिरियड कंपनीकडूनही तीन महिन्यांचा लिहून घ्या. कंपनीचं नाव नको, कॅश, तिमाही खर्च आणि रिझल्टची तारीख कमेंटमध्ये टाका, रविवारी बसून बघते.